दळणाला पाठवणाऱ्या बाई

बाई घरात शिरल्या की आधी पिशवी खुंटीला अडकवीत, पदराने कपाळ टिपीत आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडे पाहून म्हणत, "जागा सोडा." नमस्कार नाही, चौकशी नाही. रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे त्यांची सारी नोकरी झाली होती. तिकीट हातात पडल्यावरही खिडकीशी रेंगाळणाऱ्याला ज्या सुरात बाजूला सारायचे, त्याच सुरात त्या हे सांगत. सांगितल्यावर त्या उभ्याच राहत. माणूस उठेपर्यंत बसत नसत.

परभणीत स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पाहिले असेल. ठेंगणी मूर्ती, मनगटाला पुरुषी घड्याळ, चाल भराभर. गेल्या उन्हाळ्यात त्या नांदेडला आपल्या मुलीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यानंतर आमच्या वस्तीत शोकसभा झाली. त्या सभेत जे बोलले गेले त्यातले निम्मे चूक होते आणि उरलेले अर्धवट होते. मी तेव्हाच उठून हरकत घेतली होती. अध्यक्षांनी मला वयाचा मान देऊन खाली बसवले. वकिलीत माझी हयात गेली. खाली बसवल्याने माझे म्हणणे संपत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्या वक्त्याने सांगितले की बाईंनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा केली. हे मला मान्य नाही. बाईंनी एकाही रुग्णाची सेवा केल्याचे मी पाहिलेले नाही. त्या कोणाचे अंग पुसत नसत, कोणाला घास भरवीत नसत, औषधाच्या वेळाही विचारीत नसत. रुग्णाकडे एक नजर टाकून त्या शेजारच्या माणसाकडे वळत आणि म्हणत, "त्यांचं मला दिसायलंय. तुमचं सांगा." जो सांभाळतो त्याला सांभाळणे, हे त्यांचे काम. सेवा करणाऱ्याला त्या सेवेतून उठवीत. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे ज्याने घरात असा माणूस सांभाळला आहे त्यालाच कळेल.

मी सांभाळला आहे. माझी पत्नी सोनपेठची. लग्न होऊन ती परभणीला आली, वकिलाची बायको म्हणून पुस्तकी बोलायला शिकली आणि सगळे आयुष्य तशीच बोलली. आजार सुरू झाला तेव्हा नावे गेली, मग वार गेले, आणि मग तिचे माहेरचे बोलणे परत आले. "मला जायचंय की. आई वाट बघायलीय," असे ती दुपारी म्हणू लागे. एका दुपारी माझा डोळा लागला आणि ती घराबाहेर पडली. बसस्थानकावर सोनपेठच्या गाडीत चढताना एका ओळखीच्या कंडक्टरने तिला पाहिले आणि घरी आणून सोडले.

मुलगा पुण्याला असतो. त्याला हे कळले तेव्हा तो फोनवर शांतपणे म्हणाला, "बाबा, दिवाळीला मी गाडी घेऊन येतो. तुमच्याच्यानं होत नसेल तर आईला इकडं आणू." त्याच्या बोलण्यात गैर काही नव्हते. परंतु पुण्यात बाराव्या मजल्यावर, लिफ्टच्या दारापाशी उभी राहून ती सोनपेठची गाडी शोधील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. या घरात तिला न्हाणीघर सापडत होते. तुळस कुठे आहे ते पायांना ठाऊक होते. ती इथेच राहिली पाहिजे असे मी ठरवले, आणि तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसलो. कुठे जायचे नाही, कोणावर सोपवायचे नाही. थोड्याच दिवसांत मी इतका वाळलो की पायजम्याची नाडी दोन बोटे आत ओढावी लागली.

त्यातच लोक समाचाराला येत. आपल्याकडे आजाऱ्याचा समाचार घेतला नाही तर संबंध तुटतो. म्हणून माणसे येतात, ओळीने बसतात, आणि आजाऱ्याला विचारतात, "ओळखलं का मला? सांगा बरं मी कोण?" माझी पत्नी सुसंस्कृत बाई. तिला उत्तर येत नसे, आणि येत नाही हे मात्र कळत असे. ती कसनुसे हसे, पदराचे टोक बोटाला गुंडाळी, आणि पाहुणे गेले की दिवसभर कोणाशी बोलत नसे. पाहुण्यांना चहा मी करी. चहा न देता समाचाराला आलेल्याला पाठवण्याची आपल्यात रीत नाही.

अशा एका दिवशी बाई आल्या. आमचा परिचय रस्त्यावरच्या नमस्कारापुरता. चार पाहुणे बसले होते आणि मी कपबशा घेऊन उभा होतो. बाईंनी तबक माझ्या हातातून घेतले, पाहुण्यांपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "प्या आणि विसळून ठेवा. यापुढं समाचाराला येणाऱ्यानं चहा घरून पिऊन यायचा. आणि आत जाताना आपलं नाव आपणच सांगायचं. वहिनींची परीक्षा घ्यायला कुणी यायचं न्हाई." नंतर माझ्याकडे वळल्या. "जागा सोडा, वकीलसाहेब."

मी जागा सोडली नाही. मी त्यांना सांगितले की हे माझे घर आहे, ही माझी पत्नी आहे, आणि मला कोणाच्या मदतीची आवश्यकता नाही. बाई म्हणाल्या, "मी कुठं मदत म्हणले? उठा म्हणले." त्या उभ्या राहिल्या. मीही बसून राहिलो. शेवटी मला लघवीला जावे लागले, आणि परत आलो तो त्या माझ्या खुर्चीत बसलेल्या. त्यानंतर त्या बहुतेक दुपारी येऊ लागल्या. शोकसभेत हा प्रसंग कोणीतरी असा सांगितला की बाईंच्या प्रेमळ शब्दांनी वकीलसाहेबांचे मन द्रवले. प्रेमळ शब्द कोणते ते वर दिले आहेत.

दुसरे म्हणणे आमच्या नात्यातले. बाईंनी माणसे उंबऱ्यावर अडवली, घरे तोडली, असे आमच्यात बोलले जाते. त्याचे मूळ माझी बहीण. ती पेडगावला असते. ती लेकीसुनांसह समाचाराला आली आणि दारातूनच म्हणाली, "वहिनी, वळख बरं, कोण आलंय?" बाई आत बसल्या होत्या. त्यांनी तिला तिथेच थांबवले आणि आधी नाव सांगा म्हणाल्या. माझी बहीण माझीच बहीण आहे. ती म्हणाली, "माझ्या भावाच्या घरात मला थांबवणारी तू कोण?" बाई शांतपणे उठल्या, पिशवी खुंटीवरून काढली आणि म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं. घर तुमचं. मग आठ दिवस राहा, नणंदबाई. मी येत न्हाई."

बहीण हट्टाने राहिली. लेकीसुना परत गेल्या. ती किती दिवस राहिली यावर आमच्यात वाद आहे, पण एवढे खरे की पहिल्या दुपारीच तिने विचारणे सोडले. ती खोलीत शिरताना स्वतःच म्हणू लागली, "मी हाय गं, तुझी नणंद. पेडगावची." माझी पत्नी म्हणे, "या की, बसा." एवढेच संभाषण, आणि दोघी मेथी निवडत बसत. आठवड्याच्या शेवटी बाई आल्या. भांडण पुन्हा उकरले जाईल म्हणून मी तयारीत होतो. बाईंनी बहिणीला विचारले, "इथलं जमलं ना तुमाला? मग उद्या दुपारी आणखी एका घरी बसायला जायचंय." बहीण गेली. घरे तोडणाऱ्या म्हणतात त्या बाई याच.

ते दुसरे घर एका शिक्षिकेचे. त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आता त्यांना मुलगीही आठवत नव्हती. ते बौद्ध कुटुंब. माझ्या बहिणीने उभ्या जन्मात अशा घरी पाण्याचा पेला तोंडाला लावलेला नव्हता, हे मी लपवीत नाही. बाईंनी तिला पाठवताना याबद्दल चकार शब्द काढला नाही. पत्ता सांगितला आणि मोकळ्या झाल्या. बहीण संध्याकाळी परत आली, तेव्हा तिथे काय झाले ते मी विचारले. ती म्हणाली, "म्हातारा मला आक्का म्हणायलाय. पाणी आणून दिलं त्यानं हातानं. मंग काय करू, भाऊ म्हणले मी बी. प्याले पाणी." त्यानंतर ती पेडगावहून येताना दोन गाठोडी आणू लागली, एक आमच्यासाठी, एक त्या घरासाठी.

आता गिरणीचा विषय. या बाबतीत एका तरुण डॉक्टरांनी सभेत सांगितले की आमच्या वस्तीत सांभाळणाऱ्यांचा गट योगायोगाने तयार झाला. योगायोग हा शब्द मी न्यायालयात पुष्कळदा ऐकला आहे. ज्याला कारण शोधायचे नसते तो तो वापरतो.

घडले ते असे. बहीण ज्या दुपारी शिक्षिकेच्या घरी जाणार होती, त्याच दुपारी बाईंनी ज्वारीचा डबा माझ्या हातात दिला. "दळून आणा. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी चिरते." मी म्हणालो की गिरणीवाल्याकडे डबा ठेवून येतो, संध्याकाळी नेईन. त्या म्हणाल्या, "ठेवून यायचं न्हाई. समोर दळून घ्यायचं. तो मागच्या दळणाचा गहू मिसळतो." आमचा गिरणीवाला असे काही करीत नाही, त्याच्या सचोटीबद्दल मी आजही ग्वाही देईन. परंतु त्या वेळी मी गेलो, आणि बाकावर बसलो. शेजारी एक कापडदुकानदार बसले होते, पायाशी डबा. त्यांच्या आईला हाच आजार. पलीकडे त्या शिक्षिका, मांडीवर डबा. तिघांनाही समोर दळून घ्यायचे होते.

आम्ही एकमेकांना ओळखत होतो. मात्र घरातले कोणी कोणाला सांगितलेले नव्हते. गिरणी सुरू होती, पट्टा फडफडत होता, आणि ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नव्हते. दुकानदाराने माझ्या कानाशी ओरडून विचारले की घरी कशा आहेत. मी सगळ्यांना ठीक आहे असे सांगत असे. त्या दिवशी काय झाले सांगता येत नाही. कदाचित त्या गदारोळात सांगितलेले सांगितल्यासारखे वाटत नसावे. मी ओरडून म्हणालो की ती मला ओळखत नाही, जेवायला वाढले की परक्या माणसासारखी संकोचते आणि मला सांगते, आता तुम्ही तुमच्या घरी जा, माझे यजमान येतील.

नेमकी त्याच वेळी लाईट गेली. पट्टा थांबला. "माझे यजमान येतील" हे माझे शब्द त्या शांत गिरणीत, रांगेतल्या सगळ्या बायामाणसांसमोर, भर आवाजात पडले.

गिरणीवाल्याने जात्यावरचा हात काढला नाही. कोणी माझ्याकडे पाहिले नाही, किंवा सगळ्यांनी पाहिले असेल. मी खाली पाहत होतो. मग शिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या, "माझे वडील मला आई म्हणतात, सर. मी शाळेला निघाले की दाराला धरून रडतात. मी शाळेत पोचते आणि पहिला तास फळ्याकडे तोंड करून घेते." दुकानदार डब्याच्या कडीशी चाळा करीत होते. मग म्हणाले, "आमची आई मला गडी समजती. म्हणती, मालक यायच्या आत गोठा झाडून घे. गोठा कुठला आता घरात? मी झाडू घेतो न् पोर्च झाडतो. काल म्हणाली, कामाला चांगला हायस, पगार वाढवीन."

आधी ते स्वतःच हसले. मग शिक्षिकांना हसू आवरेना, आणि मग मी हसलो. खूप दिवसांनी हसल्यामुळे बरगड्या दुखल्या. लाईट बराच वेळ आली नाही. डबे रांगेत होते, त्यामुळे कोणालाच उठता येत नव्हते. न उठता बोलत राहिलो. आंघोळीला नकार दिला तर काय करावे, दाराची कडी कुठे लावावी, रागाने हात उचलला तर तो कसा धरावा, हे शिक्षिकांनी सांगितले. पुढे त्या बाकावर आणखी माणसे आली. सगळ्यांना बाईंनीच दळणाला पाठवले होते. प्रत्येकाच्या घरी त्या तासापुरता एक समाचार घेणारा बसवलेला असे, चहा घरून पिऊन आलेला.

हा योगायोग नव्हता, याचा पुरावा माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी दळण घेऊन घरी आलो आणि पिठाचा डबा उघडला, तर तो काठोकाठ भरलेला. मी बाईंना जाब विचारला की घरात पीठ होते. "होतं की," त्या म्हणाल्या. मग मला कशाला पाठवले, असे विचारताच त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "पीठ हाय म्हणून माणसानं गिरणीत जाऊ नये का? वहिनी निजल्यात. मी निघाले."

दिवाळीला मुलगा आला, सांगितल्याच्या एक दिवस आधी, भर दुपारी. मी घरी नव्हतो. तो आत आला तर त्याची आई जाजमावर बसून बाईंबरोबर शेंगा फोडत होती. त्याने विचारले की बाबा कुठे आहेत. बाई म्हणाल्या, दळणाला. तो संतापला, त्याने म्हटले की आईला परक्यांवर सोडून ते दळणाला जातात, मग मी नेतो तिला, हेच बरे. त्यावर बाईंनी त्याला समजावले, त्याचे मन वळवले, असे माझा मुलगा स्वतः सांगतो. त्यालाही मी हरकत घेतो. बाईंनी त्याला समजावले नाही. शेंग फोडता फोडता त्या एवढेच म्हणाल्या, "आईपाशी मी हाय. बाबापाशी कोण हाय, ते गिरणीत जाऊन बघून या. बॅग मी भरून ठेवते तवर."

आणि त्यांनी खरोखरच बॅग भरली. साड्या, औषधे, तिची वातीची डबी. मी परत आलो तेव्हा ती बॅग दाराशी उभी होती आणि मी डबा घेऊन उंबऱ्यातच थांबलो.

मुलगा गिरणीच्या समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा होता, हे मला नंतर दुकानदाराकडून कळले. त्याने तिथून काय पाहिले ते त्यालाच ठाऊक. मी त्या वेळी, भुवयांवर पीठ, एका नव्या माणसाला दाराला आतून पडदा लावल्यास आजारी माणूस बाहेर का जात नाही हे हातवारे करून पटवून देत होतो, आणि तो माणूस माझ्याशी वाद घालीत होता. मुलगा घरी आला, बॅगेपाशी थांबला, आणि ती उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला. साड्या पुन्हा कपाटात ठेवताना त्याला घडी जमेना. बाई तिथूनच म्हणाल्या, "काठ वरती." मग त्याने त्यांना विचारले की मी महिन्याला येत जाईन, कधी आलेले सोयीचे. त्या म्हणाल्या, "आजपासून. बसा इथं. मला घरी जाऊ द्या."

माझी पत्नी या घरात आणखी दोन वर्षे राहिली. मुलगा येत असे. तिने त्याला कधी आपला भाऊ मानले, कधी बसचा कंडक्टर. तो दोन्ही झाला. पौषात ती गेली, याच खोलीत, तुळशीकडच्या खिडकीखाली. मी शेजारी होतो, मुलगा होता, माझी बहीण तिच्या पायांना तेल लावीत होती. ती मला शेवटपर्यंत यजमान म्हणून ओळखू शकली नाही, परंतु त्या सकाळी तिने मला घरी जा असेही म्हटले नाही.

दिवस झाले. पाहुणे परतले. त्यानंतरच्या एका दुपारी बाई नेहमीच्या वेळी आल्या. पलंगावर चादर ओढून ठेवलेली होती. बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. सांभाळायला तिथे कोणी नव्हते, आणि मला बाहेर पाठवण्याचे कारण उरले नव्हते.

मग त्यांनी, मी न विचारता, पहिल्यांदा आपले सांगितले. त्यांच्या यजमानांना हाच आजार होता. लेक लहान, नोकरी खिडकीवरची. त्या बाहेरून कुलूप लावून ड्यूटीवर जात. समोर रांग असे. कोणी पूर्णेचे तिकीट मागे, कोणी मनमाडचे, आणि यांच्या डोळ्यांपुढे ते कुलूप. "समाचाराला लय माणसं यायची," त्या म्हणाल्या. "मी चहा करायची. सगळे म्हणायचे, बाई, तुमची कमाल हाय. एकानं म्हणलं न्हाई, की बाई, तुमी जाऊन या, मी बसतो."

पदराने कपाळ टिपले. आणि मग खाली पाहत, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेब, आज मला कुठंतरी पाठवा."

युक्तिवाद करण्यात माझा जन्म गेला. या वेळी मी कारणही विचारले नाही. मी म्हणालो, "जा. बाजारात एक चक्कर मारून या. काही आणू नका. इथे मी बसतो."

त्या गेल्या. मी खिडकीशी उभा राहिलो. रस्त्यावर त्या पहिल्यांदाच सावकाश चालत होत्या. कोपऱ्यावर पेरूची गाडी होती. त्यांनी एक पेरू उचलला, परत ठेवला, दुसरा उचलला, दाबून पाहिला, विक्रेत्याशी काहीतरी हुज्जत घातली. त्याने तो कापून तिखटमीठ लावून दिला. एरवी भर रस्त्यात काही खाताना मी त्यांना पाहिले नव्हते. त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या आणि एकेक फोड खाऊ लागल्या, कोणाचीही घाई नसल्यासारख्या. ऑटोरिक्षा बाजूने जात होत्या, कोणी नमस्कार करीत होते, बाई मान हलवीत होत्या आणि खात होत्या. पेरू संपल्यावर त्यांनी आणखी एक घेतला.

मी आत येऊन त्यांच्यासाठी चहाचे आधण ठेवले आणि ते उकळू लागल्यावर गॅस बारीक केला.